किर्गिझस्तानचा आला-कुल ट्रेक: सह्याद्रीत तयार झालेल्यांनी तिथे काय वेगळं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे तिघे मित्र, सह्याद्रीत नियमित फिरणारे. अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीची वाट झालीय, हिमालयात हंपटा खिंड झालीय. ऑगस्टमध्ये जाऊन-येऊन बारा दिवस किर्गिझस्तानला जायचं आहे. यादीत तीन जागा: आला-कुल सरोवराचा ट्रेक, सोन-कुलला घोड्यावरून जाऊन मुक्काम आणि लेनिन शिखराचा बेस कॅम्प. गाइड लागेल का? तिघांतला एक जण श्रावण पाळतो, त्याच्या जेवणाचं काय? आणि एकंदर झेपेल का?

झेपेल. मात्र लेनिन यादीतून आजच काढून टाका आणि आला-कुलच्या तीन दिवसांसाठी तरी गाइड घ्या. एवढं मान्य असेल तर बाकीचं जमवता येतं. तुमच्यासारखे पायाने पक्के असलेले ट्रेकरच तिथे जास्त अडचणीत येताना मी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या मंडळींना दम कमी पडत नाही. दम पुरतो, म्हणूनच ते वेळेचा, पाण्याचा आणि हवामानाचा हिशेब सैल सोडतात.

आधी लेनिन. ७१३४ मीटरचं हे शिखर देशाच्या पार दक्षिणेला, ताजिकिस्तानच्या सीमेवर आहे आणि आला-कुल पूर्वेच्या टोकाला. राजधानी बिश्केकहून दक्षिणेतलं ओश शहर सहाशे किलोमीटरच्या वर, मध्ये तीन हजार मीटरपेक्षा उंच घाट, गाडीने दहा-बारा तास. ओशला विमानाने तासाभरात जाता येतं, पण तिथून लेनिनच्या वाटेवरचं सारी-मोगोल गाव गाठायला पुन्हा अर्धा दिवस जातो. त्यात हा सीमेलगतचा भाग, परवान्याची चौकशी वेगळी करावी लागते. बेस कॅम्पच मुळात साडेतीन हजार मीटरच्या पुढे आहे, तिथे नुसतं पोचून फोटो काढून परत फिरण्यात काही अर्थ नाही. त्या बाजूला जायचं तर ओश, आलाय खोरं आणि पामीरची रांग अशी स्वतंत्र सहल करा. नकाशावर देश छोटा वाटतो आणि क्षेत्रफळ आहेही महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश. पण नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे अंतर किलोमीटरमध्ये धरलंत तर फसाल, तासांत धरा.

माझ्या मते तुमचे बारा दिवस असे जावेत. पहिला दिवस बिश्केकला पोचण्यात. दुसऱ्या दिवशी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आला-आर्चा राष्ट्रीय उद्यानात आक-साई धबधब्यापर्यंत किंवा जमेल तितकं वर चढून संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी काराकोल, जिथून ट्रेक सुरू होतो. चौथा, पाचवा, सहावा दिवस ट्रेकचा. सातवा मोकळा. आठव्या दिवशी इसिक-कुलच्या दक्षिण काठाने कोचकोर, पुढचे तीन दिवस सोन-कुल आणि बिश्केकला परत, बाराव्या दिवशी विमान. सातवा दिवस रिकामा दिसतो, म्हणून तिथे काहीतरी घुसडायचा मोह होईल. घुसडू नका. खिंडीच्या दिवशी हवा बिघडली तर हाच दिवस तुमच्या कामी येणार आहे.

आता उंचीबद्दल. कळसूबाई १६४६ मीटर. इसिक-कुल सरोवराचं पाणीच १६०७ मीटरवर आहे आणि काराकोल गाव कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च जागेहून वर तुम्ही गेस्ट हाउसच्या अंगणात चहा पीत बसलेले असता. तिथून निघाल्या दिवशीच रात्री तुम्ही तीन हजारांच्या जवळ झोपता आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी जवळपास ३९०० मीटरची खिंड ओलांडता. हंपटा याहून उंच होती हे खरं, पण तिथे तुम्ही मनालीत राहून, टप्प्याटप्प्याने चढलात. इथला रस्ता आखूड आणि उभा आहे. म्हणून आला-आर्चाचा दिवस मी चैनीचा धरत नाही, तो तयारीचाच भाग आहे. डोकं दुखतंय, भूक मेलीय, रात्री झोप लागली नाही, असं कुणाला झालं तर तिघांनीही वर जाणं थांबवायचं, हे पुण्यातच ठरवून घ्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

ट्रेकचा पहिला दिवस काराकोल खोऱ्यातून नदीकाठाने सुरू होतो. सुरुवातीचा बराच भाग जीपचा रस्ता आहे आणि चालायला कंटाळवाणा. खटारा दिसणाऱ्या जुन्या सोव्हिएत गाड्या इथपर्यंत जातात, बिनदिक्कत बसा. पूल ओलांडल्यावर मात्र वाट स्प्रूसच्या जंगलात शिरते आणि एकदम छातीवर येते. दोन-अडीच तासांच्या चढानंतर सिरोटाची मोकळी जागा लागते. हंगामात इथे तंबूंचे कॅम्प असतात, जेवण मिळतं. पहिला मुक्काम इथेच करा. वर सरोवराकाठी तंबू ठोकणं फोटोत छान दिसतं, पण ३५०० मीटरवर पहिल्याच रात्री झोपणं तुमच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि तिथला वारा तंबूची परीक्षा पाहतो.

दुसरा दिवस कसोटीचा. पहाटे पाचला निघा. सिरोटाच्या वर झाडी संपते आणि दगडगोट्यांतून, धबधब्याच्या कडेने वाट चढत जाते. शेवटच्या उंचवट्यावर पाय ठेवला की समोर आला-कुल. लांबट, दोन्ही बाजूंनी कातळात अडकलेलं, टोकाला हिमनदी. पाण्याचा रंग उन्हाबरोबर बदलतो, सकाळी राखाडी-हिरवा, दहा वाजता चक्क निळा. इथे रेंगाळावंसं वाटतं, तरी अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. वाट सरोवराच्या उत्तर अंगाने तिरकी चढत खिंडीकडे जाते. अकराच्या आत खिंडीत असलात तर उत्तम, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारनंतर ढग भरून येतात, वीज कडाडते, गारा पडतात, आणि खिंडीच्या धारेवर लपायला काहीही नाही.

खिंडीच्या पलीकडचा उतार हा या ट्रेकचा सगळ्यात अवघड भाग. पहिले दोनशे-अडीचशे मीटर निव्वळ घसारा. आपल्याकडच्या घाटवाटांवर घसाऱ्यात टाच रोवून उतरायची तुम्हाला सवय आहे, ती इथे कामाला येईल. फरक एवढाच की इथे पकडायला कारवी नाही, झाडाचं मूळ नाही, आणि वरून येणाऱ्याच्या पायाखालचे दगड थेट खालच्या माणसाच्या अंगावर येतात. तिघांनी एका रेषेत उतरायचं नाही. एकाने पूर्ण टप्पा उतरून बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने सुटायचं. दोन्ही हातांत एकेक काठी हवी, आणि तिचा पट्टा मनगटात अडकवू नका. पडलात तर हात मोकळा राहिला पाहिजे. सकाळी लवकर किंवा पावसानंतर वरचा थर गोठलेला असतो, तेव्हा हाच उतार निसरडा होतो. अशा वेळी तासभर वर थांबून ऊन पडायची वाट पाहावी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत इथे बर्फ असू शकतो, पण ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाट सहसा मोकळी मिळते.

घसारा संपला की केल्दिके ओढ्याच्या कडेने गवताळ दरी लागते आणि संध्याकाळपर्यंत आल्तिन-आराशान. इथे गरम पाण्याचे झरे आहेत, लाकडी खोल्यांत हौद बांधलेत. आठ-दहा तासांच्या चालीनंतर त्या पाण्यात बसण्याचं सुख वेगळंच. तिसऱ्या दिवशी खालच्या आक-सू गावापर्यंतची उतरण साधी आहे.

गाइड लागेल का, याचं उत्तर मी वाटेवरून देत नाही. वाट ठळक आहे, ऑगस्टमध्ये माणसंही असतात, मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला तर चुकण्याची शक्यता कमी. जेती-ओगुझच्या लाल कड्यांपासून कोक-जायिकच्या कुरणापर्यंतची एक दिवसाची चाल असती तर मी म्हटलं असतं, खुशाल एकटे जा. आला-कुलला गाइड हवा तो दोन कारणांसाठी. एक, खिंडीच्या दिवशी आभाळ पाहून 'आज नको' म्हणणारा माणूस हवा. पैसे आणि रजा खर्चून गेलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. दुसरं म्हणजे काही झालंच तर खालच्या कॅम्पवर घोडा कुणाकडे आहे, कुणाला हाक मारायची, हे त्यालाच माहीत असतं. सरोवराच्या परिसरात मोबाइलचं नेटवर्क धरूनच चालू नका.

यालाच जोडून सुटकेचं. हिमालयात, विशेषतः नेपाळमध्ये, फोन केला की काही तासांत हेलिकॉप्टर येतं अशी कल्पना आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. किर्गिझस्तानात ती व्यवस्था तशी नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये पोबेदा शिखरावर सात हजार मीटरच्या वर एक रशियन गिर्यारोहिका पाय मोडून अडकली. तिच्यासाठी निघालेल्या हेलिकॉप्टरला आदळत उतरावं लागलं, तिच्यापर्यंत जाऊन आलेल्या एका इटालियन गिर्यारोहकाचा मृत्यू झाला, आणि हवामानापुढे अखेर शोधकार्य थांबवावं लागलं. तुमचा ट्रेक त्या पातळीचा अजिबात नाही, पण यंत्रणा तीच आहे. आला-कुलवर घोटा मुरगळला तर बहुधा घोडाच तुम्हाला खाली आणेल. प्रवास विमा काढताना पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक आणि घोडेस्वारी दोन्ही वगळतात, आणि तुम्ही नेमकं हेच दोन प्रकार करणार आहात. ४००० मीटरपर्यंतचा ट्रेक, घोडेस्वारी आणि डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च, हे तिन्ही लिखित स्वरूपात असायला हवं.

पाणी हा दुसरा मुद्दा, आणि इथे सह्याद्रीचा अनुभव चक्क दिशाभूल करतो. आपल्याकडे ओढा फुगतो तो पावसाने, आकाश पाहिलं की अंदाज येतो. तिथले ओढे हिमनदीतून येतात. दिवस जितका स्वच्छ आणि कडक उन्हाचा, तितकं दुपारी पाणी जास्त. सकाळी सातला घोट्यापर्यंत असलेला प्रवाह दुपारी चारला मांडीपर्यंत येतो, रंग दुधाळ असल्याने तळ दिसत नाही, आणि थंडी इतकी की दोन मिनिटांत पाय बधिर. पूल नसलेला ओढा ओलांडायचा असेल तर सकाळीच. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, अनवाणी उतरू नका, आणि जिथे प्रवाह रुंद पसरलाय तिथूनच जा. अरुंद जागा सोपी दिसते, पण खोल असते. पिण्याचं पाणी उकळून किंवा फिल्टर करूनच घ्या. वर सगळीकडे मेंढ्या-घोडे चरतात.

मुक्काम किंवा जेवणाची सुट्टी लटकत्या हिमनदीखाली घेऊ नका. २०२२च्या जुलैमध्ये जुकू खोऱ्यात हिमनदीचा कडा कोसळून बर्फाचा लोट पर्यटकांच्या गटावर आला होता. सुदैवाने सगळे वाचले. तो दिवस कडक उन्हाचा होता.

कुत्र्यांचंही सांगून ठेवतो. कुरणांना तिथे जायलू म्हणतात. जायलूवरचे मेंढपाळांचे कुत्रे दांडगे असतात आणि कळपाच्या जवळ आलेल्या अनोळखी माणसावर धावून जातात. पळायचं नाही. थांबून काठी पुढे धरायची, मेंढपाळाला मोठ्याने हाक मारायची, आणि कळपाला लांबून वळसा घालायचा.

सोन-कुल मात्र निवांत घ्या. ३०१६ मीटरवरचं हे सरोवर, चारी बाजूंना उघडं गवत, एकही झाड नाही. जून ते सप्टेंबर मेंढपाळ कुटुंबं इथे युर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचे गोल तंबू, उभारून राहतात. किझार्त गावातून घोड्यावरून दोन दिवसांत, मध्ये किलेमचेच्या कुरणात मुक्काम करून पोचता येतं. घोडे अंगाने लहान पण काटक, आणि घोडेवाला बरोबर असतो. तुम्ही कधी घोड्यावर बसला नसाल तर पहिल्या दिवशी चार तासांपेक्षा जास्त घेऊ नका. मांड्यांची आतली बाजू सोलवटते, त्यासाठी जाड, शिवण नसलेली पॅंट घाला. उतारावर खाली उतरून चालायला लाजू नका, गुडघे वाचतात आणि घोड्यालाही बरं वाटतं.

युर्टमध्ये शिरताना बूट बाहेर. दारासमोरची आतली जागा मानाची, तिथे यजमान बसवतील तेव्हाच बसायचं. मधोमध पत्र्याची शेगडी असते, झाडच नसल्याने तिच्यात गोवऱ्या जळतात, आणि आपल्या गावाकडे वाढलेल्या माणसाला तो धूर लगेच ओळखू येतो. वर छताच्या मध्यभागी लाकडी चक्र दिसेल, त्याला तुंडुक म्हणतात. देशाच्या झेंड्यावर तेच आहे. रात्री शेगडी विझली की ऑगस्टमध्येही पारा शून्याच्या आसपास येतो. गोधड्या भरपूर मिळतात, तरी स्लीपिंग बॅग न्याच.

आता श्रावण. खरं सांगायचं तर देश मांसाहाराचा आहे, आणि 'मांस नको' म्हटल्यावर अनेकदा वाटीतले तुकडे काढून तोच रस्सा पुढे येतो. रशियनमध्ये 'बेझ म्यासा' म्हणा, आणि गेस्ट हाउस, युर्ट कॅम्पला आदल्या दिवशी निरोप द्या. आधी कळलं तर बायका बटाटा, कोबी, अंडी, काकडी-टोमॅटोचं काहीतरी मनापासून करून देतात. ऐन वेळी सांगितलं तर पाव आणि चहावर भागवावं लागतं. तो पाव, साय आणि घरचा जर्दाळूचा मुरंबा मात्र इतका चांगला असतो की न्याहारीला दुसरं काही लागत नाही. पाव कधी उलटा ठेवू नका, त्यांना ते फार लागतं. बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले छोटे तुकडे, तर सतत समोर येतात. काराकोलला आश्ल्यान-फू नावाचा थंड, आंबट-तिखट शेवयांचा पदार्थ मिळतो. दुंगान, म्हणजे मूळच्या चीनमधल्या मुस्लिम लोकांचा हा पदार्थ अनेक ठिकाणी मांसाशिवाय असतो, पण विचारूनच घ्या. बरोबर मेतकूट, सातूचं पीठ, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की आणि कोरडी चटणी न्या. गॅसचा डबा विमानात चालत नाही. बिश्केक किंवा काराकोलमध्ये मिळतो.

घोडीच्या आंबवलेल्या दुधाची वाटी, कुमिस, तुमच्या हातात कुणीतरी देणारच. चव आंबट, धुरकट, किंचित नशा असलेली. एक घोट घेऊन वाटी दोन्ही हातांनी परत केलीत तरी मान राखला जातो. ट्रेकच्या आदल्या दिवशी अख्खी वाटी पिऊ नका, सवय नसलेल्या पोटाला ती जड जाते.

व्हिसा भारतीयांना लागतो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. नियम बदलत असतात आणि स्थानिक टूर कंपनीचं पत्र मागितलं जाऊ शकतं, त्यामुळे विमानाचं तिकीट व्हिसानंतर. दिल्लीहून थेट विमान साडेतीन-चार तासांचं, पण थेट सेवा सुरू-बंद होत असतात. दुसरा मार्ग कझाकस्तानातल्या अल्माटीचा. तिथे भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसा लागत नाही आणि अल्माटीहून बिश्केक सीमा धरून रस्त्याने चार-पाच तास. सोम (तिथलं चलन) आणि रुपया सध्या जवळपास एकास एक आहेत, त्यामुळे हिशेब सोपा. खेड्यांत आणि कॅम्पवर रोखच चालते. काराकोल आणि कोचकोर सोडण्यापूर्वी पैसे काढून घ्या. राहण्या-घोड्यांसाठी गावोगावच्या सीबीटी (कम्युनिटी बेस्ड टुरिझम) गटांकडे जा. कुटुंबांनी चालवलेलं हे जाळं २००० सालाच्या सुमारास स्विस मदतीने उभं राहिलं, आणि तिथे दिलेला पैसा बहुतांशी त्याच घरात राहतो.

घरचे विचारतील म्हणून: मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले होते, तेव्हा तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मराठी मुलांचे आईवडीलही हवालदिल झाले होते. शहरात रात्री उशिरा फिरू नका, पासपोर्टची प्रत खिशात असू द्या, भारतीय दूतावासाचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. डोंगरातल्या गावांत मला आजवर अगत्यच मिळालं आहे. त्या हजारो विद्यार्थ्यांमुळे बिश्केकमध्ये भारतीय जेवणही मिळतं, परतीच्या रात्री श्रावणवाल्या मित्राला तिथे घेऊन जा.

तारखा पक्क्या करताना एक बघा. काराकोलचा जनावरांचा बाजार रविवारी पहाटे भरतो आणि दहापर्यंत ओसरतो. मोकळा सातवा दिवस रविवारी येईल असं विमान धरलंत तर घोडे-मेंढ्यांची घासाघीस पाहून, पोटभर आश्ल्यान-फू खाऊन दुपारपर्यंत आराम करता येईल. शनिवारी आक-सूला उतरायचं म्हणजे ट्रेक गुरुवारी सुरू करायचा. खिंड एका दिवसाने पुढे ढकलावी लागली तर बाजार सोडून द्या.